डीट्रिख बोनहोफर व न्यायाची स्तोत्रे

स्तोत्रसंहितेवर आपल्या मंडळ्यांची जेवढी प्रीती आहे, तेवढी जुन्या करारातील दुसऱ्या कोणत्याही पुस्तकावर क्वचितच असेल. मेंढपाळाचे स्तोत्र लहान मुलांनाही तोंडपाठ असते. आजाऱ्याच्या उशाशी, मृताच्या दारी, पेरणीच्या आरंभी आपण हेच पुस्तक उघडतो. तथापि ह्याच पुस्तकात अशीही काही स्तोत्रे आहेत की, ती उपासनेत वाचण्याची पाळी आली म्हणजे वाचणाऱ्याचा आवाज खाली येतो आणि ऐकणारे एकमेकांकडे पाहू लागतात. ती परमेश्वराच्या न्यायाची व कोपाची स्तोत्रे होत.

त्यांतील चित्रे शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाहीत. पहिल्या स्तोत्रात दुर्जन हे खळ्यावरून वाऱ्याने उडून जाणाऱ्या भुसासारखे आहेत. दुसऱ्यात लोखंडी दंडाखाली कुंभाराचे मडके फुटते. सातव्यात परमेश्वर तरवारीला धार लावतो व धनुष्य वाकवून सज्ज ठेवतो. आणि दुष्ट मनुष्य दुसऱ्याकरिता खणलेल्या खड्ड्यात आपणच पडतो. अडुसष्टाव्यात विस्तवापुढे मेण वितळते. पंचाहत्तराव्यात परमेश्वराच्या हाती फेसाळलेल्या द्राक्षारसाचा प्याला आहे, आणि पृथ्वीवरील दुष्टांस तो तळच्या गाळासकट प्यावा लागतो. ही चित्रे एकदा ऐकली की विसरत नाहीत. परंतु ज्याने शत्रूंवर प्रीती करा असे शिकविले, त्या प्रभूच्या शिष्यांनी ही स्तोत्रे कोणत्या तोंडाने म्हणावी?

हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. एका जर्मन पाळकाला तो आपल्या आयुष्यात अशा रीतीने सोडवावा लागला की, त्याचे उत्तर त्याने आपल्या प्राणाने दिले. त्या पाळकाचे नाव डीट्रिख बोनहोफर. त्यांचे चरित्र पुष्कळांनी ऐकले असेल. येथे ते ह्या स्तोत्रांच्या अनुरोधाने सांगण्याचा विचार आहे.

बोनहोफर ह्यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९०६ रोजी ब्रेस्लाऊ नगरात झाला. हे नगर तेव्हा जर्मनीत होते. आज ते पोलंडात असून त्याला व्रॉत्स्वाफ म्हणतात. आठ भावंडांत ते सहावे, आणि त्यांची बहीण साबीना ही त्यांच्याबरोबर जन्मलेली जुळी. वडील कार्ल बोनहोफर हे मनोविकारांचे नामांकित वैद्य होते. १९१२ साली त्यांना बर्लिन येथे अध्यापकाची जागा मिळाल्यामुळे सर्व कुटुंब तेथे राहावयास गेले. १९१८ साली पहिल्या महायुद्धात वाल्टर नावाचा वडील भाऊ मरण पावला, तेव्हा डीट्रिख बारा वर्षांचे होते. घरातील वातावरण विद्येचे होते. देवळात नियमाने जाण्याची चाल घरात फारशी नव्हती. म्हणून ह्या मुलाने आपण धर्मशास्त्र शिकणार असे सांगितले, तेव्हा घरच्यांस नवल वाटले.

त्यांची बुद्धी असामान्य होती. १९२७ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी बर्लिन विद्यापीठात धर्मशास्त्रातील डॉक्टरची पदवी मिळविली. पुढे त्यांनी स्पेनमधील बार्सिलोना येथील जर्मन मंडळीत उपपाळक म्हणून काम केले. १९३० साली ते अमेरिकेत न्यूयॉर्क येथील युनियन सेमिनरीत एक वर्ष राहिले. त्या नगराच्या हार्लेम भागातील निग्रो बंधूंच्या मंडळीत ते जात असत व तेथे रविवारच्या शाळेत शिकवीत. तुडविलेल्या लोकांच्या तोंडी देवाच्या न्यायाची गीते कशी शोभतात, हे त्यांनी तेथे प्रत्यक्ष पाहिले. नोव्हेंबर १९३१ मध्ये बर्लिन येथे त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर जर्मनीचा मुख्य मंत्री झाला. त्याच वर्षी ७ एप्रिल रोजी यहूदी वंशाच्या लोकांना सरकारी नोकरीतून काढण्याचा कायदा झाला, आणि नाझी मताच्या ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांनी तोच नियम मंडळीतही लागू करण्याचा आग्रह धरला. म्हणजे बाप्तिस्मा घेतलेला पाळकही त्याचे आजोबा यहूदी होते एवढ्याच कारणावरून व्यासपीठावरून उतरवावयाचा! नोव्हेंबर महिन्यात ह्या पक्षाने बर्लिन येथे मोठी सभा भरवून, जुना करार हे यहूद्यांचे पुस्तक असल्यामुळे ते मंडळीतून काढून टाकावे, अशीही मागणी केली. स्तोत्रसंहिताही अर्थातच त्यात आली.

बोनहोफर ह्यांनी आरंभापासून ह्या गोष्टीस विरोध केला. राज्याचे चाक माणसांना चिरडीत चालले असता मंडळीने केवळ जखमींना पट्ट्या बांधून थांबू नये, प्रसंगी ते चाकच अडवावे, असे त्यांनी १९३३ सालीच लिहिले. परंतु चरित्र लिहिताना खरे ते लिहिले पाहिजे. त्याच एप्रिल महिन्यात साबीनाचे सासरे वारले. ते यहूदी होते व त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. त्यांच्या दफनाच्या वेळी प्रार्थना चालविण्याविषयी डीट्रिख ह्यांना विनंती झाली. त्यांनी वरिष्ठांचा सल्ला घेतला, वरिष्ठांनी नको म्हटले, आणि त्यांनी नकार दिला. पुढे त्यांना ह्या भित्रेपणाची अतिशय लाज वाटली आणि काही महिन्यांनी बहिणीस व मेव्हण्यास पत्र लिहून त्यांनी क्षमा मागितली. ज्याने पुढे न्यायाची स्तोत्रे इतक्या धैर्याने शिकविली, तो आधी स्वतः त्या न्यायासनापुढे मान खाली घालून उभा राहिला होता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

१९३३ च्या शरद ऋतूत ते लंडन येथील दोन जर्मन मंडळ्यांचे पाळक झाले. ह्या काळात त्यांच्या मनात हिंदुस्थानात येऊन महात्मा गांधींच्या आश्रमात राहावे, शस्त्रावाचून अन्यायाचा प्रतिकार कसा करावा हे शिकावे, असे फार होते. गांधीजींनी १९३४ साली पत्र लिहून त्यांना येण्याचे आमंत्रणही दिले. परंतु तो योग आला नाही. जर्मनीत, नाझी मताला शरण न जाणाऱ्या पाळकांनी त्याच वर्षी बार्मेन येथे जमून आपला विश्वास जाहीर केला होता. त्यांच्या मंडळीला कबुलीची मंडळी असे म्हणत. ह्या मंडळीच्या तरुण पाळकांना तयार करण्याकरिता बोनहोफर ह्यांना १९३५ साली परत बोलाविण्यात आले.

ही सेमिनरी प्रथम बाल्टिक समुद्रकिनाऱ्यावर त्सिंग्स्ट येथे व काही आठवड्यांनी फिंकेनवाल्ड ह्या गावी भरू लागली. तेथील दिवसाचा आरंभ स्तोत्रांनी होई आणि शेवटही स्तोत्रांनीच होई. आवडीची स्तोत्रे निवडून बाकीची वगळावी, ही चाल तेथे नव्हती. सगळे पुस्तक क्रमाने प्रार्थनेत घ्यावयाचे, असा बोनहोफर ह्यांचा नियम होता. तेव्हा कोपाची स्तोत्रेही ओळीने येत, आणि ती आली म्हणजे तरुण विद्यार्थी घुटमळत. ह्याच घुटमळण्याला उत्तर म्हणून त्यांनी ११ जुलै १९३७ रोजी अठ्ठावन्नाव्या स्तोत्रावर उपदेश केला.

तो काळ कसा होता, हे लक्षात घ्यावे. दहाच दिवसांपूर्वी, १ जुलै रोजी, बर्लिनचे प्रसिद्ध पाळक मार्टिन नीमोलर ह्यांना पोलिसांनी पकडून नेले होते. अनेक पाळक तुरुंगात होते. आणि अठ्ठावन्नावे स्तोत्र हे तर सर्व स्तोत्रांत कडक. त्याच्या आरंभी अन्यायाने निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांना प्रश्न आहे. मग गारुड्याच्या पुंगीला कान न देणाऱ्या बहिऱ्या नागाचे चित्र येते. पुढे सिंहांचे दात पाडणे, वाहून जाणारे पाणी, बोथट बाण, सरपटता सरपटता विरघळणारी गोगलगाय, सूर्य न पाहिलेला गर्भ, हांडी तापण्याच्या आतच उडून जाणारे काटेरी जळण, अशी चित्रांमागून चित्रे येतात. आणि शेवटी नीतिमान मनुष्य दुष्टाच्या रक्तात पाय धुतो. ज्यांचे मित्र नुकतेच तुरुंगात गेले, त्या तरुणांना हे स्तोत्र शत्रूंवर दात खाऊन म्हणणे किती सोपे होते! त्यांच्या गुरूने मात्र त्यांना तसे करू दिले नाही.

त्यांनी प्रथम असे विचारले की, ही प्रार्थना करण्याचा अधिकार कोणाला आहे? स्तोत्र म्हणणारा निर्दोष असला पाहिजे. ज्याच्या स्वतःच्या मनात वैर आहे, त्याच्या तोंडी ते सूडाचे शिव्याशाप होतील. आपल्यापैकी कोणी निर्दोष नाही. म्हणून हे स्तोत्र प्रथम आपले नव्हेच. ते निर्दोष अशा एकाचे, दाविदाच्या वंशात जन्मलेल्या ख्रिस्ताचे आहे, आणि त्याच्या पाठीमागे उभे राहूनच आपण ते म्हणू शकतो. दुसरे असे की, जो देवाजवळ न्याय मागतो तो आपल्या हाताने सूड घेण्याचे सोडून देतो. आपली फिर्याद वरच्या न्यायालयात दाखल केल्यावर वाटेत प्रतिवादीला काठीने मारण्याचा हक्क कोणाला उरत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत खोल आहे. देवाचा कोप म्हणजे नुसते बोलणे नव्हे. तो खरोखर पडला. परंतु तो पडला कोणावर? वधस्तंभावर देवाच्या पुत्रावर. कोपाचा प्याला गाळासकट प्यावा लागला तो त्याला. ज्याने हे ओळखले, तो शत्रूच्या नाशाची इच्छा धरीत नाही. शत्रूनेही ह्याच रक्ताखाली यावे असे तो मागतो. तथापि न्याय नाहीच, पाप चालून जाईल, असेही तो म्हणू शकत नाही.

अशा रीतीने त्यांनी ह्या स्तोत्रांतील एकही चित्र पुसून न टाकता ते वधस्तंभाजवळ नेऊन ठेवले. सप्टेंबर १९३७ च्या अखेरीस गेस्टापो नावाच्या गुप्त पोलिसांनी फिंकेनवाल्डची सेमिनरी बंद केली. त्यानंतर विद्यार्थ्यांना खेड्यापाड्यांतील पाळकांचे मदतनीस म्हणून ठेवून हे शिक्षण गुप्तपणे चालू राहिले.

ह्या शिकवणीची कसोटी पुढच्याच वर्षी लागली. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर यहूद्यांची शेकडो सभास्थाने जाळण्यात आली, दुकाने फोडण्यात आली, पुष्कळ माणसे मारली गेली व हजारोंना पकडून छळछावण्यांत नेण्यात आले. साबीना व तिचा पती मुलांसह त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इंग्लंडला निघून गेले होते. बोनहोफर ह्यांच्या विद्यार्थ्यांतही काहींच्या मनात असा विचार आला की, ख्रिस्ताला धरून देणाऱ्या राष्ट्रावर देवाने केलेला हा न्याय तर नसेल? मंडळीत पुष्कळ शतके असे शिकविले गेले होते, आणि १९३३ साली बोनहोफर ह्यांच्या स्वतःच्या लेखणीतूनही त्या जुन्या समजुतीची छाया उतरली होती. आता मात्र त्यांनी हा विचार साफ फेटाळला. त्यांनी आपले बायबल उघडले आणि चौऱ्याहत्तराव्या स्तोत्रात, देशातील देवाची सभास्थाने शत्रूंनी जाळून टाकली असे जेथे स्तोत्रकर्ता विलाप करतो, त्या ठिकाणी खूण करून बाजूला त्या रात्रीची तारीख लिहिली.

ही लहानशी खूण आहे, परंतु तिच्यात मोठा अर्थ आहे. जाळणारे हे देवाच्या न्यायाचे हात नव्हेत. ते त्या स्तोत्रातील शत्रू आहेत. ज्यांची घरे जळली त्यांच्या बाजूला स्तोत्रकर्ता उभा आहे. दुसऱ्याच्या जळत्या घराकडे बोट दाखवून देवाचा न्याय झाला असे म्हणणारा मनुष्य स्तोत्रसंहिता उलटी धरून वाचतो.

जून १९३९ मध्ये मित्रांच्या आग्रहावरून बोनहोफर अमेरिकेस गेले. तेथे त्यांना नोकरी होती, सुरक्षितता होती. परंतु त्यांच्या जिवाला चैन पडेना. आपल्या लोकांबरोबर संकट भोगले नाही, तर पुढे त्यांच्या मंडळीची पुन्हा उभारणी करण्यात आपल्याला वाटा मागता येणार नाही, असे ठरवून ते जुलैच्या आरंभी परतले. १९४० साली त्यांनी स्तोत्रांवर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात स्तोत्रसंहिता हे बायबलातील प्रार्थनेचे पुस्तक आहे असे दाखवून सूडाच्या स्तोत्रांविषयीचे वरील विवेचन थोडक्यात पुन्हा मांडले. जुना करार फेकून देण्याच्या गोष्टी चालल्या असता असे पुस्तक काढणे हीच एक साक्ष होती. १९४१ साली सरकारने त्यांना लिखाण प्रसिद्ध करण्याची मनाई केली.

ह्यापुढील गोष्ट अवघड आहे. बोनहोफर ह्यांचे मेव्हणे हान्स फॉन डोनान्यी हे लष्कराच्या गुप्त खात्यात होते, आणि त्या खात्यातील काही मंडळी हिटलरला दूर करण्याच्या कटात होती. बोनहोफर त्यांस जाऊन मिळाले. त्यांनी परदेशातील ख्रिस्ती पुढाऱ्यांकडे निरोप नेले, आणि त्यांच्या सोबत्यांनी १९४२ साली काही यहूदी माणसांना स्वित्झर्लंडला सुखरूप पोहोचविले त्या कामीही ते सहभागी होते. कटात हिटलरचा वध करण्याचा बेत होता. ज्याने सूड देवाच्या हाती द्यावा असे शिकविले, तो ह्यात कसा गेला? काहींस हे धैर्य वाटते, काहींस चूक वाटते. एवढे निश्चित आहे की, त्यांनी आपले करणे निर्दोष आहे असे कधी म्हटले नाही. चिरडल्या जाणाऱ्या शेजाऱ्याकरिता मनुष्याला कधी अपराधाचे ओझे आपल्या माथी घ्यावे लागते, आणि ते घेऊन त्याने देवाच्या दयेकडेच पाहावे, असे ते ह्या काळात लिहीत होते. आपल्या कृत्याचाही निवाडा त्यांनी देवावरच सोपविला. आपणही तो तेथेच राहू द्यावा.

जानेवारी १९४३ मध्ये मारिया फॉन वेडेमेयर ह्या तरुणीशी त्यांचा वाङ्निश्चय झाला. परंतु ५ एप्रिल रोजी त्यांना अटक होऊन बर्लिन येथील टेगेल तुरुंगात ठेवण्यात आले. तेथून त्यांनी आईवडिलांस कळविले की, कित्येक वर्षांच्या नियमाप्रमाणे आपण स्तोत्रे रोज वाचीत आहो, आणि दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाची आपल्याला इतकी ओळख व आवड नाही. ज्या स्तोत्रांत बंदिवान न्यायाकरिता ओरडतो, ती आता त्यांना कोठडीतून म्हणावयाची होती. तरीही पहारेकऱ्यांशी ते सौजन्याने वागत आणि विमानांचे हल्ले होत तेव्हा घाबरलेल्या कैद्यांना धीर देत.

२० जुलै १९४४ रोजी हिटलरवर घातलेला बाँब फसला. चौकशीत कटाचे कागद सापडले व बोनहोफर ह्यांना गेस्टापोच्या कैदेत आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये बुखेनवाल्डच्या छावणीत हलविण्यात आले. ८ एप्रिल, म्हणजे पुनरुत्थानदिनानंतरचा पहिला रविवार. शोनबर्ग नावाच्या गावी एका शाळेत कैद्यांना ठेवले होते. सोबत्यांच्या विनंतीवरून त्यांनी तेथे लहानशी उपासना चालविली. वाचन होते यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातील, आपल्याकरिता घायाळ झालेल्या सेवकाविषयीचे. आणि पेत्राच्या पहिल्या पत्रातील, जिवंत आशेविषयीचे. उपासना संपते न संपते तोच त्यांना नेण्यास शिपाई आले. त्या रात्री फ्लोसेनबुर्ग छावणीत न्यायाचे सोंग झाले आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सकाळी त्यांना फाशी देण्यात आले. त्यांचे वय एकोणचाळीस होते. दोनच आठवड्यांनी अमेरिकन सैन्याने ती छावणी सोडविली. त्याच महिन्यात त्यांचे भाऊ क्लाउस व दोन मेव्हणे ह्यांनाही ठार मारण्यात आले. म्हाताऱ्या आईबापांना डीट्रिखच्या मृत्यूची खात्रीची बातमी जुलै महिन्यात कळली.

प्रिय वाचकहो, जगाच्या दृष्टीने त्या सकाळी अठ्ठावन्नाव्या स्तोत्रातील अन्यायी अधिकारीच जिंकले. परंतु त्या शेवटच्या वाचनाकडे पाहा. मरणाच्या आदल्या दिवशी बोनहोफर ह्यांनी शत्रूच्या तोंडातील दात पाडण्याचे स्तोत्र उघडले नाही. ज्याच्यावर सर्वांची शिक्षा पडली त्या सेवकाचा अध्याय उघडला. आठ वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना जे शिकविले, तेच त्यांनी शेवटी धरून ठेवले.

म्हणून आपण न्यायाची स्तोत्रे पुस्तकातून गाळू नयेत. इब्री भाषेत न्याय करणे म्हणजे केवळ शिक्षा देणे नव्हे. बिघडलेले नीट करणे व दुबळ्याचा हक्क त्याच्या पदरात टाकणे हाही त्या शब्दाचा अर्थ आहे. शहाण्णवाव्या व अठ्ठ्याण्णवाव्या स्तोत्रांत परमेश्वर न्याय करावयास येतो म्हणून शेते उल्हासतात, रानातील झाडे गातात व नद्या टाळ्या वाजवितात, ते ह्याचसाठी. ज्या विधवेचे शेत बळकावले गेले, ज्या मजुराची मजुरी बुडाली, त्यांच्याजवळ स्वतःचे शब्द नसतात. ही स्तोत्रे त्यांचे शब्द आहेत. ती आपण गाळली, तर त्यांचे तोंड बंद केल्यासारखे होईल.

परंतु ती वाचताना बांधावरून भांडणाऱ्या शेजाऱ्याचे किंवा पंचायतीत विरुद्ध बोलणाऱ्या भावाचे नाव त्यांत घालू नये. आधी आपले नाव घालून पाहावे. मग वधस्तंभाकडे पाहावे, आणि आपली फिर्याद तेथे ठेवून, हात रिकामे करून घरी जावे. आणि गावात कोणाचे घर जळत असेल, तर हा देवाचा न्याय आहे की काय, असा विचार करीत उभे राहू नये. पाण्याची घागर घेऊन धावावे. ही बुद्धी प्रभू आपल्या सर्व मंडळ्यांस देवो.